आडनावातला ‘वार’ : पैनगंगेच्या दोन्ही काठांचा इतिहास

(यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतील निवडक भाग शेवटी दिला आहे.)



आजचा विषय आडनावांचा आहे, पण सगळ्या आडनावांचा नाही. तसं करायला गेलो तर सकाळ होईल. आपण एकच शेपूट धरणार आहोत. ते शेपूट म्हणजे ‘वार’. येरावार, बोदकुरवार, चिंतावार, मामिडवार, कोत्तावार. यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघा, तिथून पाटणबोरीपर्यंत जा, आणि रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचत चला. जसजसं दक्षिणेला जाल तसतसा हा ‘वार’ वाढत जातो. आता उलटं करा. दारव्ह्याहून कारंजा, अकोला, बुलढाणा असं पश्चिमेला जा. ‘वार’ विरळ होत जातो. कोकणात पोचलात तर तिथला माणूस विचारेल, हे आडनाव कुठलं हो?

हा जो उतार आहे, एका दिशेला दाट आणि दुसऱ्या दिशेला विरळ, तो का आहे, हा आजचा प्रश्न.

आधी पद्धतीबद्दल दोन शब्द. आडनाव कुठून आलं हे शोधायचं तर दोन वाटा आहेत. एक शब्दाची, म्हणजे आडनावाची फोड करायची. दुसरी नकाशाची, म्हणजे ते आडनाव कुठे कुठे सापडतं ते बघायचं. इंग्लंडमध्ये हे काम फार बारकाईनं झालेलं आहे. तिथे १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवायला सुरुवात झाली. शिवाय १८८१ च्या जनगणनेतली माणसांची नावं आज अभ्यासाला उपलब्ध आहेत, आणि त्यावरून कोणतं आडनाव कोणत्या परगण्यात किती, याचे नकाशे काढले गेले. त्यातून एक साधी गोष्ट पुढे आली. स्मिथ, म्हणजे लोहार, हे आडनाव सगळीकडे सापडतं, कारण लोहार प्रत्येक गावात होता. ते एका ठिकाणी जन्मलेलं नाही. पण एखादं दुर्मिळ आडनाव घेतलं तर ते बहुधा दोन-चार खेड्यांभोवतीच गोळा झालेलं दिसतं. म्हणजे आडनाव जितकं दुर्मिळ, तितका त्याचा नकाशा बोलका.

आपल्याकडे याचं उदाहरण घ्या. ‘नाईक’ हे आडनाव. पुसदचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ते गहुलीचे, बंजारा समाजाचे. त्यांचं मूळ कूळ राठोड, आणि ‘नाईक’ हा तांड्याच्या प्रमुखाचा मान. तो मान घराण्याचं आडनाव झाला. पण गोव्यातला नाईक वेगळा, कोकणातला वेगळा, कर्नाटकातला नायक आणखी वेगळा. पदवी एक, उगम अनेक. नुसत्या ‘नाईक’ शब्दावरून माणूस कुठला ते कळत नाही. पाटील, देशमुख, जोशी यांचंही तसंच.

आणि वसंतरावांच्या आधीचे मुख्यमंत्री कोण? मारोतराव कन्नमवार, चंद्रपूरचे. नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६३. आता ‘कन्नमवार’ हे आडनाव सांगितल्याबरोबर तुम्ही बोट ठेवता, हा माणूस चंद्रपूर, गडचिरोली किंवा आपल्या वणी-केळापूरकडचा. बरोबर येतं की नाही? पुढे बघा. सुधीर मुनगंटीवार आणि विजय वडेट्टीवार, दोघे चंद्रपूर जिल्ह्यातले. आपल्याकडे २०१४ आणि २०१९ या दोन्ही निवडणुकांत यवतमाळातून मदन येरावार आणि वणीतून संजीवरेड्डी बोदकुरवार निवडून आले. मी राजकारणावर बोलत नाहीये. नकाशा दाखवतोय. ही माणसं वेगवेगळ्या पक्षांची आणि वेगवेगळ्या काळातली, पण आडनावाचं शेपूट एक आणि मुलूख एक.

‘वार’ म्हणजे काय?

हा शब्द तेलुगू आहे. तेलुगूत ‘वाडु’ म्हणजे तो, आणि ‘वारु’ म्हणजे ते. ‘ते’ अनेकांसाठीही आणि आदरार्थीही. आपण नाही का म्हणत, तो आला आणि ते आले? तसंच. तेलुगू घरांत आडनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात, शब्दशः घराचं नाव. हे घराचं नाव माणसाच्या नावाच्या आधी येतं. म्हणून आंध्र-तेलंगणातल्या माणसाच्या नावापुढे इंग्रजी आद्याक्षर दिसतं. ते बहुतेक वेळा त्याच्या घराचं नाव असतं.

लग्नाची गोष्ट निघाली की तिकडे म्हणतात, अमुक ‘वारि अम्माई’, म्हणजे अमुक घरची मुलगी. आपण ‘देशमुखांची लेक’ म्हणतो, त्यातलं ‘-ांची’ आणि त्यांचं ‘वारि’ एकाच कामाचे. तेव्हा ‘मुनगंटी वारु’ म्हणजे मुनगंटी घरची मंडळी. हे घराणं मराठी मुलखात स्थिरावलं की काय झालं? आपल्या पद्धतीप्रमाणे नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. घराचं नाव पुढून उचलून मागे गेलं. जाताना ‘वारु’ सोबत घेऊन गेलं. शेवटचा ऱ्हस्व उकार मराठी जिभेवर टिकला नाही. उरला ‘वार’. मराठीत ‘पुणेकर’ मधला ‘कर’ जे सांगतो, साधारण तेच इथे ‘वार’ सांगतो. फरक एवढाच की ‘कर’ गाव सांगतो, ‘वार’ घर सांगतो.

आता या घरांच्या नावांचे अर्थ बघा, मजा आहे. ‘चिंतावार’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कुठली चिंता घेऊन बसले हे लोक! (हशा) पण तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंचेचं झाड. ‘मामिडी’ म्हणजे आंबा. ‘कोत्त’ म्हणजे नवं. घरासमोर चिंच असेल, आंब्याची बाग असेल, वस्ती नवी असेल, त्यावरून घर ओळखलं गेलं. आपल्याकडे आंबेकर, चिंचोलकर, पिंपळकर होतातच ना? माणूस सगळीकडे सारखाच विचार करतो. पण सूत्र लक्षात ठेवा. ‘वार’च्या आधीचा शब्द मराठी शब्दकोशात शोधू नका. तो तेलुगूत शोधा, नाहीतर चिंचेची चिंता होते.

तेलुगू घराण्यांच्या नावापुरतंच हे नाही. जातींच्या नावांतही हा प्रत्यय आहे. गोल्लेवार, म्हणजे ‘गोल्ल’, गुराखी-मेंढपाळ. कापेवार, म्हणजे ‘कापू’, शेती करणारे. मुन्नूरवार. आणि आपल्या राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांबरोबर जे नाव येतं, ‘मन्नेरवारलू’, त्यातला ‘वारलू’ हेही याच ‘वारु’चं अनेकवचन.

‘वाड’चं काय?

नांदेडकडून आलेली काही मंडळी इथे असतील. उमरखेड-महागावकडच्यांनाही माहीत आहे. बिलोली, देगलूर, मुखेड या भागात ‘वाड’ने संपणारी आडनावं खूप आहेत. हा ‘वाड’ म्हणजे ‘वाडु’, तो. एकवचनी, बिनआदराचा. म्हणजे एकाच भाषेतली दोन सर्वनामं, एक आदराचं आणि एक साधं, आणि दोन्ही आडनावांत गोठली. कुणाच्या घराला ‘ते’ म्हटलं गेलं आणि कुणाला ‘तो’, यात त्या काळच्या उतरंडीची खूण आहे. व्यापारी, जमीनवाले, वतनदार यांच्याकडे ‘वार’ जास्त दिसतो, कष्टकरी समाजांकडे ‘वाड’. पण हा नियम नाही, कल आहे. गोल्लेवारांना ‘वार’ आहेच. त्यामुळे शेपटावरून कुणाची पायरी ठरवायला जाऊ नका.

शेपटं फसवतातही. ‘पवार’ शेवटी ‘वार’ आहे, पण त्याचा तेलुगूशी काही संबंध नाही. ते परमारांचं रूप, आणि आपल्या जिल्ह्यात बंजारा, मराठा अशा अनेक समाजांत आहे. ‘गायकवाड’ शेवटी ‘वाड’ आहे, पण परंपरा त्याची फोड गाय आणि कवाड अशी सांगते. मतदार यादी संगणकात टाकली आणि ‘वार’ने संपणारे सगळे वेगळे काढले, तर निम्मे पवारच निघतील. म्हणून नुसत्या यंत्राने हे काम होत नाही. भाषा माहीत पाहिजे.

हे लोक इथे कसे?

नकाशा डोळ्यासमोर आणा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा. वढा-जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. हे सगळं पाणी तेलंगणाकडे जातं. पाण्याच्या वाटेने माणसं वर येतात. सिरोंचा, अहेरी, चंद्रपूर, वणी ही एक ओळ आहे. आदिलाबाद, पाटणबोरी, पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट ही दुसरी. आजचा नागपूर-हैदराबाद महामार्ग याच दुसऱ्या ओळीवरून जातो.

आणि मुख्य म्हणजे, पैनगंगा ही सरहद्द फार जुनी नाही. अठराव्या शतकापासून वऱ्हाड निजामाचा. नागपूरकर भोसल्यांचाही त्यात वाटा, म्हणून ‘दोअमली’ हा शब्द. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर हैदराबादचीच सत्ता. किनवट आणि वणी यांच्यामध्ये राज्याची रेघ नव्हती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा रेघ पडली. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. आपला जिल्हा तेव्हा ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जायचा. १९०५ च्या फेररचनेत पुसद त्यात आला आणि तो ‘यवतमाळ’ झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि पलीकडचा आदिलाबाद २०१४ पासून तेलंगणात.

तेव्हा ‘वार’वाले परप्रांतातून आले, असं जे सहज म्हटलं जातं ते तपासून घ्या. अनेक घराणी जेव्हा इकडे वसली तेव्हा प्रांतच वेगळे नव्हते. माणसं एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली. रेघ नंतर आली.

व्यापाराचं कारण मोठं. कोमटी, ज्यांना आता आर्यवैश्य म्हणतात, त्यांच्याबद्दल रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे की मध्य प्रांत-वऱ्हाडात ते मुख्यतः चांदा, नागपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा तो नकाशा आणि आजचा ‘वार’चा नकाशा जवळजवळ एकावर एक बसतात. किराणा, धान्य, सावकारी, आणि नंतर कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यानंतर जिनिंग-प्रेसिंग, बाजारपेठा, यवतमाळ-मूर्तिजापूरची आपली शकुंतला. मारवाडी, कच्छी जसे आले, तसे दक्षिणेकडून कोमटीही वाढले. पण फक्त व्यापारी नाहीत. विणकर, शेतकरी, मेंढपाळ, गवंडीकाम करणारे, सगळ्यांत ‘वार’ आहेत. ही एका जातीची खूण नाही, एका भाषेची आहे.

एक तुलना करतो म्हणजे मुद्दा पक्का होईल. सोलापुरात तेलुगू माणसं आपल्यापेक्षा किती तरी जास्त. पद्मशाली समाज तिथल्या गिरण्यांत आणि मागांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण तिथली आडनावं बघा. नरसय्या आडम. गंगाधर कुचन. धर्मण्णा सादूल. ‘वार’ तिथे तुरळक. घराचं नाव जसंच्या तसं आडनाव झालं. भाषा एक, पण वाट वेगळी आणि काळ वेगळा. गिरणीच्या हजेरीपटावर जसं सांगितलं तसं लिहिलं गेलं. आपल्याकडे मात्र खेड्यात शेजारचे मराठी लोक त्यांना ‘अमुकवार’ म्हणू लागले आणि तेच कागदावर चढलं. म्हणून ‘वार’ ही सगळ्या तेलुगूंची खूण नव्हे. ती वर्धा, पैनगंगा, गोदावरी या खोऱ्याची खूण आहे.

कागद काय सांगतात आणि काय नाही

आता जो भाग आपल्या खिशाशी आणि मुलांच्या शिक्षणाशी जोडलेला आहे, त्याकडे येतो.

आपल्या जनगणनेत माणसाचं नाव लिहिलं जातं, पण १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ते गोपनीय आहे. इंग्लंडसारखा नकाशा आपल्याला त्यातून काढता येत नाही. मग आपल्याकडे काय आहे? जमिनीचे जुने अभिलेख, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, आणि विदर्भात कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. पण तिथे पुष्कळदा बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. आडनाव नाहीच. जुन्या काळी गावात आडनावाची गरज कुणाला होती? सगळे सगळ्यांना ओळखत होते. आडनाव कायमचं चिकटलं ते शाळेत आणि तलाठ्याच्या दप्तरात.

आणि तिथे लिहिणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. एका भावाच्या दाखल्यावर नुसतं घराचं नाव, दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘वार’ लावून. एकाकडे ‘पल्ले’, दुसऱ्याकडे ‘पल्लेवार’. तीन पिढ्यांनंतर नातू जात प्रमाणपत्राच्या पडताळणीला जातो. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांच्या कागदावर ‘वार’ नाही आणि नातवाच्या कागदावर आहे, की प्रश्न उभा राहतो, हे आजोबा तुमचेच कशावरून? आडनावाचा इतिहास इथे शौक राहत नाही. प्रवेशाची तारीख निघून जाते.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नावातल्या साम्यावरून जात सिद्ध होत नाही. ‘मेश्राम’ गोंडांतही आहे आणि बौद्धांतही. ‘वार’ व्यापाऱ्यांतही आहे आणि मेंढपाळांतही. जातीच्या नावात ‘वार’ आहे आणि आपल्या आडनावातही ‘वार’ आहे, म्हणून आपण ते, हा युक्तिवाद टिकणारा नाही. टिकतो तो सलग कागद: पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचं आडनाव ‘वार’चं आहे, पण घरात चार पिढ्या कुणाला तेलुगू येत नाही. मग आम्ही तेलुगू की मराठी?

उत्तर : तुम्ही मराठी. तुमचं आडनाव तेलुगू. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भाषा दोन-तीन पिढ्यांत बदलते, आडनाव मात्र कागदावर बसलेलं असतं, ते बदलत नाही. आपल्या जिल्ह्यात मराठी आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, बंजारांची गोरमाटी आहे, तेलुगू आहे. यातल्या गोंडी, कोलामी आणि तेलुगू तर एकाच द्राविडी कुळातल्या. तुमच्या घरातलं तेलुगू बोलणं संपलं असेल, पण दिवाणखान्यातून संपलं तरी देवघरातून आणि स्वयंपाकघरातून इतक्या लवकर जात नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पदार्थांची, नात्यांची, सणांची नावं विचारा. दोन-चार शब्द हमखास निघतील. ते लिहून ठेवा.

प्रश्न : माझी सून आदिलाबादची आहे. तिच्या आधारकार्डावर घराचं नाव आधी आहे. इथला अर्ज आडनाव शेवटी मागतो. काय करायचं?

उत्तर : हा प्रश्न सरहद्दीवरच्या शेकडो घरांत आहे, ताई. तिथलं नाव चूक नाही आणि इथलंही चूक नाही, फक्त क्रम वेगळा आहे. पण संगणकाला हे कळत नाही. एक करा, एकच रूप ठरवा आणि पुढचे सगळे कागद त्याच रूपात करा. नाव बदलायचंच असेल तर शासनाच्या राजपत्रात रीतसर जाहिरात द्या आणि ती प्रत जपून ठेवा. आणि जुना कागद फाडू नका. नव्या नावाचा कागद कितीही असला तरी जुन्या नावाचा एक दाखला पुढे नातवंडांना लागतो.

प्रश्न : मुलं पुण्याला नोकरीला गेली की म्हणतात, आडनाव लोकांना कळत नाही, ‘कर’ लावून घेऊ का?

उत्तर : त्यांचा अधिकार आहे. मी कोण नाही म्हणणारा! पण त्याआधी त्यांना एकदा सांगा की चिंतावार म्हणजे चिंता नाही, चिंच आहे. आडनावाचा अर्थ माहीत झाला की लाज बरीचशी जाते. आणि तरी बदलायचं ठरवलं, तर तेव्हा घराचं जुनं नाव, मूळ गाव आणि माहीत असतील तेवढ्या पिढ्यांची नावं एका वहीत लिहून घरात ठेवा. आपल्याकडे चर्चच्या नोंदवह्या नाहीत. ती वही आपल्यालाच लिहावी लागेल.